पंचवीस फुटांची मगर

बाबांना मगरीने नेलं, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग माझ्या तोंडाकडे बघून ओशाळतो, आणि त्यानंतर त्याच्या डोळ्यांत जे येतं ते मला लांबूनही ओळखता येतं. ही काहीतरी लपवतेय, असं त्याला वाटत असतं. पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणाऱ्या वेल्डरला मगर कशाला नेईल? त्याला मी दोष देत नाही. आमच्या घरातसुद्धा कितीतरी वर्षं ह्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

बाबा समुद्रात जेट्ट्या बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होते. काम निघेल तिकडे जायचं, कधी गुजरातच्या किनाऱ्यावर, कधी आंध्रात. वर्षातून दोनदा घरी यायचे. आले की गॅलरीत एकाच कोपऱ्यात, एकाच खुर्चीवर, एकाच कपातून चहा प्यायचे. खुर्ची कुणी हलवली तर आधी ती जागेवर आणायचे आणि मगच बसायचे. दात घासायला त्यांना अर्धा तास लागायचा आणि तेवढा वेळ ते मोरीच्या उंबऱ्यावर एका विशिष्ट कोनात उभे असायचे. आई आतबाहेर करताना दर वेळी त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना बाजूला सारायची आणि ते दर वेळी परत तिथेच येऊन उभे राहायचे.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असताना ते अंदमानला निघाले. तिथल्या एका लहान बेटावर जेट्टीचं काम होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचं आणि आईचं चांगलंच वाजलं. आईचं म्हणणं होतं की आता पुरे झाली वणवण, तळोज्याला कारखान्यात नोकरी बघा, संध्याकाळी घरी या. बाबा म्हणाले, "इथे मला करमत नाही. तिकडे माणसं कमी बोलतात."

आईने हातातला पोळीचा उंडा परातीत टाकला आणि उठून गेली. पुढे जो संशय आमच्या घरात वाढला तो ह्या एका वाक्याला धरून वाढला.

पाऊस ओसरत असताना ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला. बाबा सकाळी पाण्यावर गेले ते आलेच नाहीत, शोध चालू आहे, त्या खाडीत मगरी आहेत, असं फोनवरचा माणूस तुकड्यातुकड्यांत म्हणाला. आईने दोनदा विचारलं, "कोण आहेत?" तिला मगर हा शब्द कळलाच नव्हता. म्हणजे शब्द कळला होता, पण त्या वाक्यात तो कसा आला ते कळत नव्हतं.

काही दिवसांनी उरणचे काका आले. ते बाबांच्याच टोळीत होते, वयाने त्यांच्याएवढेच, आणि ह्या बाजूचे म्हणून ठेकेदाराने बाबांचं सामान त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. आमचं घर तेव्हा माणसांनी भरलेलं होतं. दोन्हीकडचे नातेवाईक, शेजारी, बिल्डिंगचे सेक्रेटरी. काका दारातच उभे राहिले आणि बॅग खाली ठेवली. माझा मामा पुढे झाला. त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळ्यांच्या समोर विचारलं, "तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलंत ना?"

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "हो," म्हणाले. "बगितला."

मग त्यांनी सांगितलं. सकाळची वेळ होती. बाबा कडेला अंघोळ करत होते. लांबून एक भलीमोठी मगर तोंड वर काढून पोहत येताना दिसली. काकांनी हाक मारली. बाबा पळाले. मगर पाण्यातून वर आली, काठावर त्यांच्या मागे धावली, पार झाडांपर्यंत, तिथे तिने त्यांना पकडलं आणि ओढत परत पाण्यात नेलं.

"केवढी होती?" कुणीतरी विचारलं.

"पंचवीस फूट असंल," काका म्हणाले. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

आई भिंतीला टेकून बसली होती. सगळे रडत होते तेव्हा ती उठली, बॅगेजवळ गेली आणि चेन उघडली. वर बाबांचे कपडे होते, पाण्यावर जाताना त्यांनी काढून ठेवलेले. पँट, शर्ट, टॉवेल. तिन्हींची नीट चौकोनी घडी. आईने शर्ट उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. तिचे डोळे कोरडे झाले होते. ते मी बघितलं आणि मला भीती वाटली.

सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्या बाबांनी आयुष्यात कधी कपड्याची घडी घातलेली बघितलीस?"

मी आठवून बघितलं. नाही. बाबा शर्ट काढायचे आणि जिथे असतील तिथे टाकायचे. खुर्चीवर, दाराच्या कडीवर, माझ्या पुस्तकांवर.

"मग मगर आली आणि त्याच दिवशी घातली?" आई म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात बाबा गेले असं कुणी म्हटलं नाही. आईचं म्हणणं सरळ होतं. हा माणूस आम्हाला कंटाळला, तिकडेच कुठेतरी राहिला, आणि उरणच्या दोस्ताला खोटं सांगायला पाठवलं. तिने मंगळसूत्र काढलं नाही, कुंकूही पुसलं नाही. मामाने एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं काहीतरी हाती लागतं." मामा परत बोलला नाही. बिल्डिंगमध्ये मात्र तिची पंचाईत झाली. चैत्रात हळदीकुंकवाला समोरच्या काकू तिला कुंकू लावायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई करंडा घेऊन तिच्यासमोरून पुढे सरकायच्या. आई दोघींकडे सारख्याच नजरेने बघायची. कोण आपल्याला काय समजतं, हे ती मनाशी नोंदवत असावी.

मलाही तो संशय चिकटला. कॉलेजमधून येताना पनवेलच्या एसटी स्टँडवर मी उगाच थांबायचे आणि कोकणातून येणाऱ्या गाड्यांमधून उतरणारी माणसं बघायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडून कुणी बोललं नाही की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. आई फोन कानाशी धरून म्हणायची, "ऐकतेय मी. बोला." बहुतेक वेळा कर्ज देऊ करणाऱ्या एखाद्या मुलीचा आवाज यायचा. दोन-चार वेळा काहीच आलं नाही.

मी आईवरसुद्धा संशय घेतला. मनातल्या मनात. वाटायचं, बाबा मेले असते तर हिला त्या भांडणाचं वाईट वाटून घ्यावं लागलं असतं. ते पळून गेले असतील तर रागावता येतं. रागावणं सोपं आहे, म्हणून ही ते धरून बसली आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. पण ती रागावलेली दिसली की मला बरं वाटायचं, कारण मग बाबा कुठेतरी जिवंत असायचे.

आई घरी ब्लाउज शिवायची. मी खारघरला एका लॅबमध्ये नोकरीला लागले आणि काही वर्षांनी तिला चांगला मोबाइल घेऊन दिला. तिने त्यावर भजनं ऐकावीत, पाककृती बघाव्यात अशी माझी कल्पना. एकदा मी घरी आले तर मशीनच्या बाजूला मोबाइल उभा करून ठेवलेला आणि त्यात हिंदीत कुणीतरी सांगत होतं की खाऱ्या पाण्यातली मगर हा जगातला सगळ्यात मोठा सरपटणारा प्राणी आहे. आई काजं करत करत ऐकत होती.

"हे काय बघतेयस?"

"बघू दे," ती म्हणाली. "खोटं कुठे बोलला ते शोधतेय."

तेव्हापासून तिचा तो अभ्यासच झाला. हिंदीतलं संपलं की इंग्रजी लावायची आणि मला बाजूला बसवून अर्थ विचारायची. ती हट्टाने एकेक मुद्दा पकडायची. पहिल्यांदा लांबी. मोठा नर सतरा-अठरा फुटांचा होतो, वीसच्या आसपास गेलेले अगदी मोजके, हे मी तिला वाचून दाखवलं. तिने लगेच गळ्यातली टेप काढली आणि मला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. तिची टेप पाच फुटांची. खांबापासून सुरुवात करून तिने खडूने खुणा करत पाच वेळा टेप टाकली. पंचवीस फूट होता होता आम्ही सेक्रेटरींच्या गाडीच्या पुढे जाऊन वॉचमनच्या स्टुलापर्यंत पोचलो.

"एवढी?" आई म्हणाली. "एवढी बघितली म्हणतो हा?"

मग तिने मागे येऊन सतरावर खडूने रेघ मारली. मी त्या रेघेवर उभी राहून खांबाकडे बघितलं. मला वाटलं होतं सतरा फूट म्हणजे काही फार नसेल. पण खांबापासून ती रेघ सेक्रेटरींच्या गाडीपेक्षा लांब होती. वजन एखाद्या लहान गाडीइतकं असतं, हेही मी वाचलं होतं. एवढं धूड पाण्यात असतं आणि वर काय दिसतं तर दोन डोळे, नाकपुड्या, बस. मी रेघेवरून पाय मागे घेतला. आईच्या डोक्यात मात्र फक्त हिशोब होता. वॉचमनने विचारलं, रांगोळी काढणार का. आई म्हणाली, "नाही, माप घेतेय."

मग तिने विचारलं, ती पळते किती. जमिनीवर थोडं अंतर जोरात येते, मग थांबते, माणसाच्या मागे झाडांपर्यंत धावत जाणं हे तिचं काम नाही, असं सगळीकडे होतं. आईने मान हलवली. मग विचारलं, तोंड वर काढून लांबून येते का. मी तिला एक व्हिडिओ दाखवला. त्यात संथ पाणी होतं, काठावर रानडुक्कर पाणी पीत होतं, आणि पाण्यात काहीच नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं. सांगणारा माणूस सांगत होता की तिच्या जबड्यावर बारीक बारीक ठिपके असतात, पाणी जरा हललं तरी तिला त्यातून कळतं. ती हृदयाचे ठोके कमी करून कितीतरी वेळ पाण्याखाली पडून राहते. आणि मुख्य म्हणजे ती लक्षात ठेवते. कोण कुठल्या जागी पाण्यावर येतं, कधी येतं, परत येतं का, हे ती दिवसेंदिवस बघते. घाई करत नाही. एवढ्यात पाणी फुटलं, डुक्कर दिसेनासं झालं, आणि पाणी पुन्हा तसंच संथ.

आईने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा.

"आली कधी ते दिसलंच नाही," ती म्हणाली.

"तेच तर तिचं कसब आहे."

"मग ह्याला कशी दिसली? लांबून, तोंड वर काढून?"

आईने मशीनवरचं ब्लाउज बाजूला सारलं. "उद्या उरणला जायचं," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत आम्ही काकांकडे गेलो नव्हतो. त्यांनीही समुद्रावरची कामं सोडली होती आणि बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करत होते, एवढं कानावर होतं. घर सापडायला वेळ लागला नाही. दुपार होती. काका पुढच्या पडवीत एक इंजिन उघडून बसले होते. आम्हाला बघून ते उठले, हात पुसले, पुन्हा पुसले. त्यांच्या बायकोने आतून खुर्च्या आणल्या, सरबत केलं. काकांनी माझ्या नोकरीची चौकशी केली. आई सरबताचा ग्लास हातात धरून बसून राहिली.

"वयनी, सरबत घ्या."

"मगर किती लांब होती?" आई म्हणाली.

काकांच्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं.

"लई मोठी होती," ते म्हणाले. "वीस-बावीस..."

"तेव्हा पंचवीस म्हणालात."

"आता इतक्या वर्सांनी..."

"काठावर किती लांब धावली?"

काकांनी काहीतरी अंतर हाताने दाखवलं. समोरच्या तुळशीपर्यंत, मग हात थोडा मागे आला. आई त्यांच्या हाताकडे बघत होती, गिऱ्हाईक मापात खोटं बोलत असलं की बघते तशी. तिने ग्लास खाली ठेवला.

"हे कुठे आहेत, तेवढं सांगा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी त्यांना आणायला जाणार नाही. भांडणार नाही. दुसरा संसार केला असेल तर करू दे. मला फक्त ते कुठे आहेत एवढं कळू दे."

काकांना ते समजायलाच वेळ लागला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे, मंगळसूत्राकडे. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचा चेहरा पडला.

"तुमाला वाटतंय तो हाय?" ते म्हणाले. "वयनी, तुमी इतकी वर्सं असं समजून बसल्याव?"

"कपड्यांची घडी कुणी घातली?" आई म्हणाली. "त्यांना घडी घालता येत नव्हती."

"मी घातली," काका म्हणाले. "ते फांदीवर टाकलेले होते, चोळामोळा. तुमच्याकडं तसंच कसं आणायचं? म्हणून मी झटकले, घडी घातली." ते थांबले. त्यांची बायको त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली होती. "वयनी, मी तिथं नवतोच. त्या दिवशी मी बोटीनं पोर्ट ब्लेअरला गेलो होतो, सामान आणायला. आलो तवा सगलं झालेलं होतं. मी काय बगितला नाय. कुनीच बगितला नाय."

पडवीत इंजिनाच्या तेलाचा वास येत होता. आई हलली नाही.

"मग हो का म्हणालात?"

"तुमच्या भावानं इचारलं. सगल्यांच्या समोर. डोल्यांनी बगितलं ना? मी नाय बोललो असतो तर सगले बोलले असते, मग कशावरून? मला वाटलं, कुनीतरी बगितलाय असं कललं तर तुमाला बरं वाटंल. एकदा हो बोललो, मग केवढी होती, कशी आली, समदं इचारायला लागले. मी कधी मगर शिकार करताना बगितली नवती. मनात आलं तसं सांगितलं."

मला राग यायला हवा होता. पण मी आईकडे बघत होते. ती मनाशी काहीतरी जुळवत होती.

"कुणीच काही ऐकलं नाही?" तिने विचारलं.

"तंबूत सगले होते. हाकेच्या अंतरावर. सयपाक्यानं चहाला हाक मारली, हा आला नाय. गेला बगायला तर बादली पान्यावर तरंगत होती. चिखलात एक घसरल्याचा मोठा पट्टा होता. ओरडला नाय, काय नाय."

"कुठल्या जागी?"

"एक सपाट दगड होता, पान्यात उतरलेला. हा रोज तिथंच बसायचा दात घासायला, मग अंगोलीला. आमी सगले बादल्या भरून वर आणायचो. तिथला नावाडी हाय ना, त्यानं आमाला पयल्याच दिवशी सांगितलं होतं, रोज एका जागी जाऊ नका, ती बगत असते. त्याला तर दोनदा सांगितलं. तर हा बोलला, मला दुसरीकडं जमत नाय."

आई हसली.

खरंच हसली, मोठ्याने, तोंडावर हात न धरता. काकांची बायको घाबरून मागे सरकली. आई हसत होती आणि मान हलवत होती, आणि मग तिने माझ्या मनगटाला धरलं आणि इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ उमटला. "उंबऱ्यावर," ती मला म्हणाली. "उंबऱ्यावर उभे राहायचे ना? हलवलं तरी परत तिथेच."

तिला नंतर रडू आलं का, ते मला सांगता येणार नाही. काकांची बायको तिला आत घेऊन गेली आणि दोघी खूप वेळ आत होत्या. मी आणि काका पडवीत बसून राहिलो. ते इंजिनाचे नट एकेक करून कपड्याने पुसत होते. एकदा म्हणाले, "तो लई कमी बोलायचा. पन आमच्यात बसायचा." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

परत येताना आईने गाडीत मला एकच विचारलं. ते व्हिडिओतलं डुक्कर ओरडलं होतं का. मी म्हटलं, नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या होत्या आणि आम्ही तिथे पाऊण तास अडकलो. तेवढ्यात ती झोपली. तिला दिवसाढवळ्या झोपलेलं मी किती तरी वर्षांनी बघत होते.

नंतरचं सगळं शांतपणे झालं. देह मिळाला नसला तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात, तो तिने करून घेतला. नदीच्या घाटावर गुरुजी होते, मामा होता, आम्ही दोघी होतो. उरणचे काका आणि त्यांची बायकोही आले होते आणि जरा मागे उभे होते. गुरुजींनी मला पाण्यात उतरायला सांगितलं. मी दोन पायऱ्या उतरले तशी आईने मागून माझा दंड धरला.

"एवढं पुढे नको."

"आई, इथे काय आहे?"

"माहीत आहे काही नाही ते," ती म्हणाली, पण दंड सोडला नाही. गुरुजी थांबले. मामा काही बोलणार होता, तेवढ्यात काकांच्या बायकोने पुढे येऊन तांब्या भरून दिला आणि ते काम पायरीवरच उरकलं.

आईने मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तिला भेटायला आल्या आणि आता आपल्याला कसं वागायचं ते कळलं म्हणून सुटल्यासारख्या दिसल्या. उरणहून अधूनमधून सुके बोंबील येतात, इथून ब्लाउज शिवून जातात. आई काकांना फोन करते आणि बाबांचं काहीबाही विचारते. तिकडे जेवायला काय करायचे, कोणाशी पत्ते खेळायचे. अनोळखी नंबर ती आता उचलत नाही.

राहिले मी. मला हे तिच्याजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. काका आधी खोटं बोलले ते आम्हाला बरं वाटावं म्हणून. मग दुसऱ्यांदा बोलले ते कशासाठी? समोर एक बाई बसली होती, तिला तिच्या नवऱ्याबद्दल पटेल असं काहीतरी हवं होतं. त्या माणसाने बाबांबरोबर इतकी वर्षं काढली होती. दुसरीकडे जमत नाही, हे बाबांचं वाक्य त्याने शंभरदा ऐकलं असणार. ते ह्या गोष्टीत कुठे बसवायचं हे त्याला तेव्हा सुचलं नसेल कशावरून? मी एकदा आईला न सांगता त्यांना फोन करून त्या नावाड्याचा ठावठिकाणा विचारला. त्यांनी लगेच सांगितला, बेट, गाव, सगळं. आवाजात काही लपवल्यासारखं नव्हतं. मी ते मोबाइलमध्ये ठेवलंय. त्या माणसाला मी फोन केलेला नाही. करीन असंही वाटत नाही.

परवा खारघरला लॅबमधून निघाले तर एका टॉवरच्या कामावर कुणीतरी वेल्डिंग करत होतं. पाठ वाकलेली, डावा पाय जरा पुढे. बाबा असेच उभे राहायचे. मी स्कूटर बंद केली आणि पत्र्याच्या कुंपणाच्या फटीशी उभी राहिले. ठिणग्या थांबेपर्यंत थांबले. त्याने तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा वर केला. विशीतला मुलगा होता, घामाने निथळत होता.

"काय पायजे ताई?"

"स्कूटरचं स्टँड तुटलंय," मी म्हटलं. "वेल्ड करून मिळेल का?"

"साइटवर बाहेरचं काम नाय घेत," तो म्हणाला, आणि मुखवटा खाली घेतला.